लाल दोऱ्याची घोंगडी

मराठवाड्यात कसली आलीय थंडी, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अशा माणसाला एक पौष महिना माझ्या सासरी नेऊन बांधून ठेवावं, मग बोल म्हणावं.

सासर म्हणजे पिशोरच्या पुढं, डोंगराच्या खोबणीत बसलेलं साठ-सत्तर घरांचं गाव. तीन बाजूंनी डोंगर, त्यामुळं सूर्य उगवला तरी ऊन गावात उतरायला चांगला तास-दीड तास लागायचा. तोवर नुसतं धुकं. मी औरंगाबादची, शहागंजात वाढलेली, जिभेनं तिखट. पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं होऊन गेली होती, तेव्हा लग्न करून त्या गावात गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात माझा निम्मा तिखटपणा गारठून गेला.

काय काय पाहिलं मी तिथं! लोक ओठ न उघडता बोलायचे, तोंड उघडलं की अंगातली ऊब जाते म्हणून. म्हशीच्या पाठीवर वाकळ, आणि ती घरातल्या माणसांच्या वाकळेपेक्षा जाड. मारुतीला कानटोपी. खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवायची, नाहीतर तेल काडीनं कोरून काढा. आणि आंघोळ! न्हाणीत शिरायचं, दार ओढून घ्यायचं, तांब्या तांब्यानं पाणी फरशीवर ओतायचं, मधूनमधून ‘हर हर’ म्हणायचं, हातपाय ओले करायचे आणि बाहेर यायचं. बाहेरच्यानं पाण्याचा आवाज ऐकला की झाली आंघोळ. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, एवढे देवभक्त माणूस, पण तेही पौषभर असेच पवित्र व्हायचे. मीही शिकले. खोटं कशाला बोलू? माझं ‘हर हर’ तर त्यांच्यापेक्षा मोठं होतं. फक्त संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सगळ्या गावाला खरोखर डोक्यावरून न्हावं लागायचं. त्या दिवशी पळवाट नव्हती.

या सगळ्याला मी पोट धरून हसायचे. एका गोष्टीला मात्र पहिल्या दिवसापासून हसू आलं नाही. ऊन पडेपर्यंत त्या गावात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. हाक डोंगरावर आपटून परत यायची, आणि धुक्यातून परत आलेली ती हाक आपलीच की दुसऱ्या कुणाची, हे कळायचं नाही. तिला चुकून ‘ओ’ दिली की घात, असं म्हणायचे. ‘कोण हाय?’ असंही विचारायचं नाही. माणूस ओळखायचा तो त्याच्या घोंगडीवरून. सगळे पुरुष घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घ्यायचे, तोंड दिसायचंच नाही. हा जळक्या कोपऱ्याचा, हा पांढऱ्या काठाचा, हा ठिगळाचा. ‘आरं जळका कोपरा, तमाखू हाय का?’ असं चालायचं.

यात माझी एकदा अशी फजिती झाली की सांगायची सोय नाही. पांढऱ्या काठाची घोंगडी आमच्या ह्यांची. एका सकाळी ती अंगणात दिसली आणि मी सुरू झाले. “रात्रभर घोरायचं आणि सकाळी इथं उभं राहायचं! सरपण कोण आणणार, माझा बाप?” घोंगडी काही बोलली नाही. खाली मान घालून गेली आणि सरपणाचा भारा आणून चुलीशी टाकला. मी आणखी दोन वाक्यं सुनावली. तेवढ्यात मागच्या दारानं आमचे हे आले, दुसरीच घोंगडी पांघरून. मेले मी! सरपण आणणारे मामंजी होते, लेकाची घोंगडी घेऊन निघालेले. त्या दिवसापासून आठवडाभर मी त्यांच्या समोर गेले नाही. त्यांनी मात्र जन्मात ती गोष्ट काढली नाही. असा माणूस.

आता जाऊबाईंचं सांगते. आमच्या ह्यांचे थोरले भाऊ ॲक्शनच्या धामधुमीत गेले ते गेलेच. गावात एक मुसलमान पिंजारी होता, गाद्या-वाकळांचा कापूस पिंजून द्यायचा. त्या दिवसांत त्याच्या बायकापोरांना गावात ठेवणं धोक्याचं झालं, म्हणून थोरल्या भाऊजींनी त्यांना गाडीत बसवलं आणि दौलताबाद स्टेशनला सोडायला नेलं. गाडी जुंपायला लावली ती आमच्या चुलत सासऱ्यांनी. घराण्यातले तेच वडीलधारे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. पाचव्या दिवशी बैलं आपली आपण परत आली. गाडी रिकामी. आत भाऊजींची घोंगडी तेवढी होती, नीट घडी घातलेली. रक्त नाही, चिखल नाही, काही नाही. ती घडी कुणी घातली असेल, याचा विचार करून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

ती घोंगडी माजघरातल्या खुंटीवर होती. तिचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला, जाऊबाईंनी तो लाल दोऱ्यानं शिवला होता. पारापुढच्या शेकोटीला प्रत्येकाचा बसायचा दगड ठरलेला, तसा भाऊजींचाही होता. सात हिवाळे तो रिकामा ठेवलेला. आणि जाऊबाई? त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, पण हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं. कासार आला की म्हाताऱ्या बायका हळूच म्हणायच्या, “तिचं राहू दे आता.” म्हणून त्या जुन्याच बांगड्या जपायच्या. भांडी घासताना हात असा धरायच्या, जणू हातात अंडं आहे. मी आले तेव्हा उजव्या हातात तीन आणि डाव्या हातात दोन उरल्या होत्या.

त्या पौषात आमच्या नणंदेचं लग्न ठरलं. माघात मांडव पडायचा. मुलाकडच्यांनी एकच विचारलं, थोरली सून मांडवात सवाष्ण म्हणून उभी राहणार की नाही? काय ते एकदा ठरवा. चुलत सासरे आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “सात वरसं झाली. संक्रांत होऊ द्या. मंग हात रिकामे करून टाकू पोरीचे. लोंबकळत कुठवर ठेवायचं?” दाराआड जाऊबाई दळत होत्या, जात्याचा आवाज तेवढा थांबला आणि परत सुरू झाला. मला इतका संताप आला होता! पण नव्या सुनेनं बोलायचं कुठं?

त्यानंतर चौथ्या सकाळी मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. धुकं असं की स्वतःचा पाय दिसेना. पारापुढं जाळाचा तांबडा डाग आणि भोवती घोंगड्या. मी सवयीनं नजर टाकली आणि माझी घागर डोक्यावरून सुटता सुटता राहिली. रिकाम्या दगडावर कुणीतरी बसलं होतं. खाली वाकून, खोळ पार नाकापर्यंत ओढून. घोंगडीच्या कोपऱ्याला लाल दोरा.

जाळात काटक्या तडतडत होत्या तेवढंच. शेजारी मामंजी होते. ते जरासे सरकले, बस म्हटल्यासारखे. बाकीचे जाळाकडं बघत राहिले. विचारायचं नव्हतं ना, ऊन पडेपर्यंत!

मी धावत घरी आले, घागर दाणकन ठेवली आणि गोठ्यात जाऊबाईंना शोधलं. तिथं नव्हत्या. माजघरात बघते तर खुंटी रिकामी. मी चुलीपुढं येऊन बसले. थोड्या वेळानं बाहेर ऊन आलं, जाऊबाई शेणाची पाटी घेऊन मागच्या दारानं आल्या, हात धुतले, भाकरी थापायला बसल्या. मी हळूच जाऊन पुन्हा बघितलं. घोंगडी खुंटीवर होती. हात लावला तर कोमट. आणि धुराचा वास.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पांढरे पडले. “तू बी बघितलं?” म्हणाले. “बोलू नको कुठं. परवापासून येतोय.” एवढा दांडगा माणूस, भावाविषयी बोलताना माझ्याकडं बघेना. गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण तोंडानं कुणी काढत नव्हतं. दिवसा बायका आमच्या दारावरून जाताना पदर सावरायच्या आणि पाय उचलायच्या. आमचं कुत्रंही त्या खुंटीखाली झोपेनासं झालं, असं मला वाटायचं. खरं खोटं देव जाणे.

सहाव्या दिवशी मला राहवेना. अजून झुंजुमुंजू व्हायचं होतं. मी अंथरुणातून उठून गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत कंदील बारीक केलेला. जाऊबाई म्हशीला टेकून बसल्या होत्या आणि बांगड्यांवर चिंध्या गुंडाळत होत्या. दातात एक टोक धरून, दुसऱ्या हातानं गाठ मारत. मग त्यांनी ती घोंगडी डोक्यावरून घेतली, कमरेत वाकल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक बाप्या माणूस उभा राहिला. मला माहीत होतं त्या कोण आहेत, तरी मी किंचाळले.

“गप!” त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. “मरायचंय का?”

“बाई, हे काय करायलात तुम्ही?”

“काय करू मग?” त्या तिथंच खाली बसल्या. “सवाष्णींच्यात बसू देत नायत. रांडवांच्यात मी बसणार नाय. तिथं त्यांचा दगड हाय. तिथं बसलं की वाटतं, हायेत कुठंतरी. आन् जोवर लोकांना ते तिथं दिसतेत, तोवर हाताला हात कोण लावंल?”

मी रागानं म्हणाले, “आणि कुणी खोळ ओढली तर?”

“कोण ओढणार? ऊन पडंस्तोवर विचारत नायत. ऊन पडायच्या आत मी उठते.” त्या हसल्या. सात हिवाळ्यांनंतरचं हसू असावं ते. मला भीती वाटली त्याची.

मी कुणाला सांगितलं नाही. उलट रोज मागचं दार उघडून ठेवायला लागले. पण चुलत सासरे काही गप्प बसणारे नव्हते. भोगीच्या आदल्या संध्याकाळी ते ओसरीवर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “उद्या सकाळी मी विचारणार त्याला. ऊन पडू नायतर न पडू. नाव सांगितलं तर पोरगी सवाष्ण. आलाच नाय तर समजायचं, सपलं. संक्रांतीनंतर एक दिस थांबायचं नाय.” मामंजी म्हणाले, “दादा, असं विचारत नसतेत.” “सात वरसं मी त्या दगडाकडं बघून चहा पितोय,” चुलत सासरे म्हणाले. “तुला काय ठाऊक मला काय व्हतंय ते.” त्यांचा आवाज चिरकला होता, पण मी तेव्हा रागात होते, मला फक्त त्यांचा हट्ट ऐकू आला.

आणि त्याच रात्री जाऊबाईंना ताप भरला. रोज गारठ्यात जाऊन बसायचं, दुसरं काय होणार? पहाटे बघते तर अंग तव्यासारखं. उठायचा प्रयत्न केला आणि भिंतीला धरून खाली बसल्या. “आज गेलं नाय तर सपलं गं,” एवढंच म्हणत राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

“मी जाते,” मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं, तेव्हा कळलं की मी हे बोलले.

चिंध्या घेतल्या. उजव्या हातावर कशाबशा गुंडाळल्या. डाव्या हाताला गाठ बसेना. माझ्या हातात नव्या नवरीचा डझन डझन चुडा, त्याला असली बोटभर चिंधी पुरतेय होय! बाहेर कुणाच्या तरी वहाणा वाजल्या, मी घाबरून तसंच घोंगडी ओढून निघाले. घोंगडीत धुराचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक जुना वास, माणसाचा. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या वासात मी डोकं घालून चालले होते. धुक्यात माझ्या पावलांच्या मागं पावलं वाजत होती. माझीच असतील. मी वळून पाहिलं नाही.

शेकोटीभोवती त्या दिवशी जरा जास्तच माणसं होती. मी दगडावर बसले. दगड गार पडला होता. मामंजी नेहमीसारखे सरकले. आमचे हे जाळाच्या पलीकडं होते, आणि आपली बायको समोर बसलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून माझे पाय लपवत होते, कारण पायात जोडवी होती, ती काढायचं सुचलंच नव्हतं.

चुलत सासरे उठून उभे राहिले. “कोण हाय रं तू?”

सगळ्या घोंगड्या जागच्या जागी ताठ झाल्या. कुणीतरी “राम राम राम” असं पुटपुटलं. त्यांचा आवाज डोंगरावर आपटला आणि परत आला. कोण हाय रं तू. मला घाम फुटला त्या थंडीत. काय बोलणार? तोंड उघडलं तर बाईचा आवाज.

“नाव सांग. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला,” ते म्हणाले. हे दरडावणं नव्हतं. म्हातारा माणूस रडकुंडीला आला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ते मांडवासाठी विचारत नव्हते. गाडी त्यांनी जुंपायला लावली होती.

माझे हात घोंगडीत लटलटा कापायला लागले. घट्ट धरले तरी थांबेनात. आणि डाव्या हातातला तो सगळा चुडा खणखणला.

जाळाचाही आवाज बंद झाल्यासारखं वाटलं. प्रत्येकानं ऐकलं. बांगड्यांचा आवाज कुठल्या माणसाला ओळखू येत नाही? आमच्या ह्यांनी मान वर केली. मामंजींनी डोळे मिटून घेतले. संपलं, मी म्हणाले मनात, माझंही आणि जाऊबाईंचंही.

चुलत सासरे कितीतरी वेळ माझ्याकडं, म्हणजे त्या लाल दोऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हातातली काटकी जाळात टाकली.

“दात कडकडायलेत गड्याचे,” ते म्हणाले. “सरका रं, जाळाजवळ येऊ द्या त्याला.”

कुणी हललं नाही. मग जळका कोपरा म्हणाला, “व्हय, लई गारठा हाय आज.” दुसरा म्हणाला, “माझे बी कडकडायलेत.” आणि एकेकजण सरकायला लागला. पुढ्यात जाळ आला. चुलत सासरे खाली बसले, उपरण्यानं नाक पुसलं, आणि मामंजींना म्हणाले, “थोरल्या सूनबाईला मांडवात पुढं उभी करा. नवरा गावात हाय तिचा. कासाराला बी सांगून ठेवा.”

मी कशी उठले, कशी घरी आले, आठवत नाही. वाटेत मागून मामंजींचा आवाज आला, “पाय जपून टाक पोरी, दव हाय. थोरलीला बी रोज हेच सांगावं वाटायचं.” म्हणजे त्यांना कधीचं ठाऊक होतं!

मी घरात शिरले ती हसत, रडत, नाचतच. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळं करून दाखवलं. चुलत सासरे असे उभे राहिले, मी अशी बसले, चुडा असा वाजला, जळका कोपरा असं म्हणाला. “आता कुणाची टाप नाही बाई तुमच्या हाताला हात लावायची! सगळं गाव तुमच्या बाजूनं आहे. सगळ्यांना कळलंय आणि सगळे गप्प आहेत!”

त्या हसल्या नाहीत.

“समद्यांना कळलंय?” त्यांनी विचारलं.

“हो ना!”

“आदीपासून?”

“मामंजींना तरी आधीपासूनच.”

त्यांनी खुंटीकडं बघितलं. मग हळू म्हणाल्या, “म्हंजे ते आलेत, असं एकाला बी वाटलं नाय. मला वाटायचं, एका तरी माणसाला खरं वाटत असंल. एकाला जरी वाटलं असतं ना…”

थोड्या वेळानं त्या तापातच उठल्या. मी पाणी तापवायला चुलीकडं वळले, तर म्हणाल्या, “गरम नको.” हंडा घेऊन न्हाणीत गेल्या आणि दार ओढलं.

भोगीचा दिवस, गावात घरोघर न्हाण्यांतून पाणी पडत होतं. सवाष्णी डोक्यावरून न्हात होत्या. आमच्या घरातूनही तोच आवाज, कुणाला वेगळा वाटायचं कारण नव्हतं. पण मी दाराबाहेर उभी होते. मला खोट्या आंघोळीचा आवाज चांगला ठाऊक होता, पाणी फरशीवर पडलं की कसं वाजतं ते. हे पाणी फरशीवर पडत नव्हतं. माणसाच्या डोक्यावरून, अंगावरून पडत होतं, तांब्यामागून तांब्या, आणि आतून ‘हर हर’ येत नव्हतं. माणूस गेल्याचा निरोप आल्यावर बाया जसं डोक्यावरून पाणी घेतात, तसं त्या घेत होत्या. सात वर्षं उशिरा.

बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. ओल्या केसांनी आरशापुढं बसल्या, कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं आणि थांबल्या. “लावा म्हणालेत ना समदे,” त्या म्हणाल्या. “लावते.” लावलं. मग चुलीपाशी येऊन विचारलं, भोगीच्या भाजीत तीळ टाकले का?

मी त्यांना वाकळेत गुंडाळून निजवलं. तीळ टाकले, भाजी उतरवली. मग मीही हंडा घेऊन न्हाणीत गेले. दार लावलं आणि त्या थोरल्या भाऊजींसाठी, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, डोक्यावरून थंड पाणी घेतलं.